नैराश्याच्या गोळ्या आणि रक्त: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नैराश्याची गोळी सुरू झाली की पहिल्या आठवड्यात लोक मळमळीबद्दल विचारतात, झोपेबद्दल विचारतात, वजन वाढेल का म्हणून विचारतात. रक्ताचा विषय निघतो तो नंतर, आणि तोही बहुधा निघता निघता, दारात उभं राहून: "पोटरीवर डाग पडलाय, कुठे आपटल्याचं आठवत नाही. या गोळीने तर नसेल?" मी फार्मासिस्ट आहे. गेली बरीच वर्षं असे दारातले प्रश्न ऐकतो आहे. त्यातले वारंवार येणारे इथे घेतले आहेत. ही उत्तरं वाचून कोणतीही गोळी स्वतःहून बंद करू नका. डॉक्टरांना नेमकं काय विचारायचं, एवढं कळावं म्हणून हे लिहिलं आहे.

मनाच्या गोळीचा रक्ताशी संबंधच काय?

संबंध जुना आहे, मेंदूच्याही आधीचा. सेरोटोनिन हे नाव आज प्रत्येकाच्या तोंडी मेंदूचं रसायन म्हणून असलं तरी ते पहिल्यांदा वेगळं काढलं गेलं ते रक्तातून. १९४८ साली अमेरिकेत क्लीव्हलंड इथे मॉरिस रॅपोर्ट, आर्डा ग्रीन आणि अर्विन पेज हे रक्तदाबावर काम करत होते. रक्त गोठल्यावर वर जो द्रव उरतो त्याला सीरम म्हणतात. या सीरममध्ये रक्तवाहिन्या आवळणारं काहीतरी होतं. ते त्यांनी शोधून काढलं आणि सीरम व टोन या शब्दांवरून त्याला सेरोटोनिन म्हटलं. मेंदूत ते सापडलं त्यानंतर, १९५३ साली.

शरीरातलं नव्वद टक्क्यांहून जास्त सेरोटोनिन आतड्यात तयार होतं. तिथून ते रक्तात येतं आणि प्लेटलेट, म्हणजे रक्त थांबवणाऱ्या बिंबिका, ते उचलून स्वतःच्या पोटात साठवतात. प्लेटलेटना सेरोटोनिन तयार करता येत नाही. त्यांची सगळी भिस्त बाहेरून उचलण्यावर. कुठे कापलं की त्या जागी गोळा झालेल्या प्लेटलेट हा साठा मोकळा करतात. त्याने आजूबाजूच्या प्लेटलेट खेचल्या जातात आणि वाहिनी थोडी आवळते.

आता गंमत अशी की प्लेटलेट ज्या दारातून सेरोटोनिन आत घेतात, अगदी तेच दार मेंदूतल्या पेशींनाही आहे. एसएसआरआय या गटातल्या नैराश्याच्या गोळ्या ते दार अडवतात. मेंदूत अडवलं की उपचार, प्लेटलेटवर अडवलं की दुष्परिणाम. गोळीला दोन्हींतला फरक कळत नाही. काही आठवडे गोळी नियमित घेतली की प्लेटलेटमधला बहुतेक साठा रिकामा झालेला असतो.

म्हणजे माझ्या प्लेटलेट कमी होणार?

नाही. हा गैरसमज सगळ्यात जास्त आढळतो. संख्या तेवढीच राहते, काम थोडं मंदावतं.

सीबीसीच्या, म्हणजे रक्तपेशी मोजणाऱ्या चाचणीच्या, रिपोर्टमध्ये प्लेटलेटसमोर साधारण दीड लाख ते साडेचार लाख ही मर्यादा छापलेली असते. एसएसआरआय घेणाऱ्या माणसाचा आकडा दोन लाख साठ हजार येईल, रिपोर्टवर एकही ठळक अक्षर नसेल, आणि तरी त्याच्या हातावर डाग सहज उठत असतील. रक्त गोठण्याची नेहमीची चाचणी, पीटी-आयएनआर, तीही बिनचूक येईल, कारण ती रक्तातली गोठवणारी प्रथिनं बघते, प्लेटलेटचं काम नाही. म्हणून "रिपोर्ट नॉर्मल आहे, तुमच्या मनाचे खेळ आहेत" असं कोणी म्हटलं तर मनाला लावून घेऊ नका. रिपोर्ट खरा असतो आणि डागही खरा असतो.

गोळीमुळे प्लेटलेटची संख्याच खाली येणं हे अगदी क्वचित घडतं. आकडा कमी आला तर आधी नमुना पुन्हा द्या. नळीतल्या रसायनामुळे काही जणांच्या प्लेटलेट एकमेकींना चिकटतात, यंत्र त्या गठ्ठ्यांना मोजत नाही आणि कागदावर आकडा भीतीदायक दिसतो. वेगळ्या नळीत रक्त घेतलं आणि काचपट्टीवर सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं की खरं काय ते कळतं.

सगळ्याच गोळ्यांनी असं होतं का?

दार जितकं घट्ट अडवलं जातं तितका परिणाम. पॅरॉक्सेटीन, सर्ट्रालीन, फ्लुओक्सेटीन ही घट्ट अडवणारी. जुन्या ट्रायसायक्लिक गटातली क्लोमिप्रामीनही त्यातलीच. सिटॅलोप्राम, एसिटॅलोप्राम, व्हेन्लाफॅक्सीन, ड्युलॉक्सेटीन यांच्या माहितीपत्रकातही रक्तस्रावाचा इशारा असतोच. मिर्टाझापीन आणि ब्युप्रोपिऑन ते दार जवळजवळ अडवत नाहीत, त्यामुळे रक्तस्रावाची चिंता जिथे खरोखर मोठी असते तिथे डॉक्टर त्यांचा विचार करतात. मात्र मिर्टाझापीनचे स्वतःचे काही रक्ताचे प्रश्न आहेत, ते पुढे येतील. पूर्ण निर्दोष गोळी शोधत बसलात तर हाती रिकामी बाटली लागेल.

धोका नेमका किती? इंटरनेटवर वाचून झोप उडाली आहे.

इंटरनेटवर पटीत लिहितात, आणि पट ऐकून माणूस घाबरतो. वरच्या पचनमार्गातून, म्हणजे जठर आणि त्याच्या आसपासच्या भागातून, रक्तस्राव होण्याची शक्यता एकट्या एसएसआरआयने साधारण दीड ते पावणेदोन पट होते. पण कशाच्या दीडपट? समजा एखाद्या वयाच्या दोन हजार माणसांत वर्षभरात दोघांना असा रक्तस्राव होतो, तर सगळ्यांनी गोळी घेतल्यावर तिघांना होईल. उरलेल्या एक हजार नऊशे सत्त्याण्णव जणांना काहीच होणार नाही. मेंदूत रक्तस्राव ही तर याहूनही दुर्मीळ गोष्ट.

दुसऱ्या पारड्यात काय आहे तेही पाहा. नैराश्यावर उपचार न झाल्याने होणारं नुकसान दीडपटीत मोजलं जात नाही. तरुण, पोटाची तक्रार नसलेला, दुसरी कोणतीही गोळी न घेणारा माणूस मला रक्ताबद्दल विचारतो तेव्हा मी त्याला स्पष्ट सांगतो की तुम्ही ही काळजी यादीत सगळ्यात खाली टाका. ज्यांनी ती वर ठेवायची, ते पुढच्या प्रश्नात.

मी इतरही गोळ्या घेतो. काही बिघडेल का?

हाच खरा प्रश्न. बाकी सगळं वाचलं नाही तरी चालेल, हे वाचा.

एका दुपारी एक काका औषधांची पिशवी घेऊन आले आणि "यातलं काय कधी घ्यायचं ते लिहून द्या" म्हणून त्यांनी ती टेबलावर उपडी केली. हृदयाच्या डॉक्टरांनी दिलेली ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेलची जोडगोळी. मानसोपचारतज्ज्ञांनी दिलेली फ्लुओक्सेटीन. आणि तळाशी, चांदीच्या पट्टीत अर्ध्या संपलेल्या, डायक्लोफिनॅक, गुडघ्यासाठी, कुणी लिहून न दिलेल्या. "ती काय, दुखलं की घेतो, ती औषधात धरत नाही," काका म्हणाले. चार गोळ्या, चारही वेगवेगळ्या वाटेने एकाच ठिकाणी पोचणाऱ्या. दोन्ही डॉक्टरांची चिठ्ठी आपापल्या जागी बरोबर होती. पिशवी मात्र दोघांपैकी कोणीच उघडली नव्हती.

दुखण्यावरच्या गोळ्यांपासून सुरुवात करू. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, नॅप्रॉक्सेन, ॲसिक्लोफिनॅक ही मंडळी जठराचं आतलं अस्तर कमकुवत करतात आणि प्लेटलेटचंही काम अडवतात. एसएसआरआय एकट्याने जो धोका दीड-पावणेदोन पट होतो तो या गोळ्यांच्या सोबतीने चार पटींच्या आसपास जातो. साध्या अंगदुखीला, तापाला पॅरासिटॅमॉल पुरत असेल तर तेच घ्या. कंबर-गुडघ्याचं जुनं दुखणं असेल आणि त्याशिवाय भागत नसेल तर डॉक्टर सोबत ॲसिडिटीची गोळी देतात, आणि इथे ती नुसती सवय म्हणून नसते, ती जठराचं खरंच रक्षण करते. ओमेप्राझोलने सिटॅलोप्राम आणि एसिटॅलोप्रामची रक्तातली पातळी वाढते, त्यामुळे त्या दोन गोळ्यांबरोबर पॅन्टोप्राझोल बरी पडते. ट्रॅमाडॉलचा मामला वेगळा. त्याचा रक्तस्रावाशी फारसा संबंध नाही, पण एसएसआरआयबरोबर सेरोटोनिन प्रमाणाबाहेर वाढणं आणि झटके येणं हे धोके आहेत, तेव्हा तेही विचारल्याशिवाय नको.

हृदयाच्या गोळ्या. ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल चालू असताना एसएसआरआय देता येतच नाही असं नाही. उलट हृदयविकाराच्या झटक्यानंतर नैराश्य येणाऱ्यांची संख्या मोठी आहे आणि त्यांना उपचार हवेच असतात. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत हृदयाच्या ताज्या दुखण्यातून उठलेल्या ३६९ रुग्णांवर सर्ट्रालीन तपासली गेली, आणि हृदयाच्या दृष्टीने ती सुरक्षित ठरली. तेव्हापासून हृदयरुग्णांसाठी तिचं नाव बहुधा पहिलं येतं. क्लोपिडोग्रेल यकृतात गेल्यावरच कामाची होते, आणि फ्लुओक्सेटीन व फ्लुव्हॉक्सामीन नेमकं तेच काम मंदावतात. काकांच्या पिशवीतली ही दुसरी गाठ होती.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या. वॉरफेरीन घेणाऱ्यांचं आयएनआर बहुतेक वेळा दोन ते तीनच्या दरम्यान ठेवायचं असतं. फ्लुव्हॉक्सामीन आणि फ्लुओक्सेटीन यकृतात वॉरफेरीनचा निचरा मंदावून ते वर ढकलू शकतात. नवी गोळी सुरू झाली, मात्रा बदलली किंवा बंद झाली की पुढच्या आठवड्या-दीड आठवड्यात आयएनआर तपासून घ्या, ठरलेल्या महिन्याच्या तारखेची वाट पाहू नका. सर्ट्रालीन, सिटॅलोप्राम यांचा हा त्रास कमी. आणि लक्षात ठेवा, आयएनआर चांगलं असलं तरी प्लेटलेट मंदावलेल्या असू शकतात. ते दोन वेगळे हिशेब आहेत. ॲपिक्साबान, रिव्हारोक्साबान यांसारख्या नव्या गोळ्यांनाही सूट नाही. ब्रिटनमधल्या रुग्णनोंदींवरच्या २०२४ च्या एका अभ्यासात, रक्त पातळ करणाऱ्या गोळीसोबत एसएसआरआय घेणाऱ्यांत मोठ्या रक्तस्रावाचं प्रमाण सुमारे ३३ टक्क्यांनी जास्त दिसलं, आणि दोन्ही एकत्र सुरू झाल्यावरचा पहिला महिना सगळ्यात नाजूक ठरला.

शेवटी त्या गोष्टी, ज्यांना कोणी औषध म्हणतच नाही: माशाच्या तेलाच्या कॅप्सूल, गिंको, झाडपाल्याच्या "मन शांत" करणाऱ्या गोळ्या, आणि दारू. सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती तर एसएसआरआयबरोबर अजिबात नको. ती एकीकडे सेरोटोनिन वाढवते आणि दुसरीकडे वॉरफेरीनचा परिणाम घालवते.

डाग, घोळणा फुटणं, हिरड्यांतून रक्त: यातलं किती चालायचं?

हातापायावर नाण्याएवढा डाग, जो आठ-दहा दिवसांत निळ्याचा हिरवट, मग पिवळा होऊन जातो, तो सहसा काळजीचा नसतो. दात घासताना ब्रशला कधीतरी लाली दिसणं, उन्हाळ्यात एकदा घोळणा फुटणं, हेही तसंच. पुढच्या भेटीत डॉक्टरांना सांगा, म्हणजे झालं.

तपासणीला जायला लावणाऱ्या गोष्टी वेगळ्या दिसतात. पाठीवर, पोटावर, जिथे सहसा आपटत नाही तिथे मोठे डाग येणं. पायांवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके, जे बोटाने दाबले तरी फिके होत नाहीत. नाक पुढे वाकून दहा-पंधरा मिनिटं चिमटीत धरलं तरी न थांबणारं रक्त. असं असेल तर सीबीसी करावीच लागते. कारण गोळीच असेल असं गृहीत धरू नका. प्लेटलेट कमी होण्याची गोळीशी संबंध नसलेली कितीतरी कारणं असतात, आणि "गोळीचाच डाग असेल" म्हणत ती राहून जातात.

शौचाला काळं होतंय. घाबरू का?

लोहाच्या गोळ्या चालू असतील तर काळपट-हिरवट होतं, ते घट्ट असतं आणि वास नेहमीचाच असतो. जठरातून रक्त जात असेल तर ते डांबरासारखं काळं, चिकट, चकाकणारं आणि न विसरता येणाऱ्या उग्र वासाचं असतं. भांड्याला चिकटून राहतं, पाण्याने पटकन जात नाही. तसं असेल तर सकाळची वाट न पाहता रुग्णालयात जा. शंका असली तरी जा.

थोडं थोडं रक्त महिनोन् महिने जात असेल तर रंग बदलत नाही, हिमोग्लोबिन मात्र उतरत जातं. जिना चढताना धाप लागते, चेहरा ओढल्यासारखा दिसतो, दिवसभर गळून गेल्यासारखं वाटतं. आणि नैराश्याच्या रुग्णाने "गळून गेल्यासारखं वाटतं" म्हटलं की सगळे, तो स्वतःसुद्धा, ते नैराश्याच्याच खात्यावर मांडतात. गोळीने मन सुधारतंय पण थकवा वाढतोय असं झालं तर हिमोग्लोबिन बघून घ्या.

पाळीत अंगावरून जास्त जायला लागलंय. गोळीमुळे?

असू शकतं. गोळी सुरू झाल्यावर दोन-तीन पाळ्या किती दिवस चालल्या, पॅड किती वेळाने बदलावं लागलं, गाठी पडल्या का, हे लिहून ठेवा. तासाभरात पॅड भिजत असेल तर थांबू नका. पाळीत पोट दुखतं म्हणून आयबुप्रोफेन किंवा मेफेनामिक ॲसिड घेत असाल तर दुखण्यावरच्या गोळ्यांचा वर सांगितलेला हिशेब इथेही लागू आहे, हे डॉक्टरांच्या कानावर घाला. पाळी वाढायला फायब्रॉइड, थायरॉइड अशी इतर कारणंही असतात, तेव्हा सगळं खापर गोळीवर फोडून मोकळं होऊ नका.

ऑपरेशन ठरलंय, किंवा दाढ काढायची आहे. गोळी बंद करू?

स्वतःहून नाही. बहुतेक ऑपरेशनांआधी या गोळ्या थांबवल्या जात नाहीत, कारण अचानक थांबवल्याने चक्कर, डोक्यात वीज चमकल्यासारखे झटके, चिडचिड, रडू असा त्रास होतो, आणि ऑपरेशनच्या आठवड्यात तो कोणालाच नको असतो. शिवाय दोन दिवस गोळी चुकवून प्लेटलेट भरत नाहीत. मेंदू किंवा मणक्याचं मोठं ऑपरेशन असेल, किंवा रक्त पातळ करणारी गोळीही चालू असेल, तर सर्जन, भूलतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ यांनी आधीच बोलून ठरवायचं असतं, आणि त्यासाठी भूलतज्ज्ञाला तुमची गोळी माहीत असायला हवी. "कोणती औषधं चालू आहेत?" या रकान्यात लोक बीपीची गोळी लिहितात आणि डिप्रेशनची गाळतात. लाज कसली? भूल देणाऱ्याला तुमच्या आयुष्याची कहाणी नको असते, गोळीचं नाव हवं असतं.

एक दाढ काढायला फक्त दंतवैद्याला सांगणं पुरेसं. तो जास्त वेळ कापूस दाबून ठेवायला लावेल, गरज वाटली तर टाका घालेल. नंतर दुखण्यावर काय देतोय ते मात्र विचारा.

गरोदर आहे. बाळंतपणात जास्त रक्त जाईल का?

युरोपातल्या आणि ब्रिटनमधल्या औषध नियामकांनी २०२०-२१ च्या सुमारास या गोळ्यांच्या माहितीत भर घातली: बाळंतपणाआधीच्या महिन्यात एसएसआरआय किंवा एसएनआरआय (व्हेन्लाफॅक्सीन, ड्युलॉक्सेटीन यांचा गट) गटाची गोळी चालू असेल तर बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावाची शक्यता थोडी वाढते, दुपटीपेक्षा कमी. याचा अर्थ गोळी सोडा असा नाही. प्रसूती करणाऱ्या डॉक्टरांना आधीपासून माहीत असलं की त्या तयारीत राहतात. गरोदरपणात नैराश्य उफाळून येणं आई आणि बाळ दोघांनाही महागात पडतं.

सोडियम कमी होतं म्हणतात, ते काय?

डागांबद्दल सगळे विचारतात, याबद्दल फारसं कोणी विचारत नाही, आणि माझ्या मते वयस्कर माणसांच्या बाबतीत हीच जास्त लक्ष ठेवण्याची गोष्ट आहे.

रक्तातलं सोडियम साधारण १३५ ते १४५ या आकड्यांत असतं. या गोळ्यांमुळे काही जणांत पाणी धरून ठेवणारं संप्रेरक गरज नसताना स्रवत राहतं. मूत्रपिंड पाणी सोडत नाही. भांड्यात मीठ तेवढंच आणि पाणी वाढत गेलं, असं होतं. त्रास बहुधा पहिल्या दोन ते चार आठवड्यांत दिसतो. वय पासष्टच्या पुढे, अंगाने बारीक, स्त्री, आणि बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी चालू, हे सगळं एकत्र आलं की धोका सगळ्यात जास्त.

आमच्या नात्यातल्या एका आजींना असंच झालं. सर्ट्रालीन सुरू होऊन तिसरा आठवडा. आधी डोकं दुखायला लागलं, मग अन्नावरची वासना गेली. चालताना भिंतीला हात लावून चालायला लागल्या. एका संध्याकाळी त्यांनी दूरदर्शनचा रिमोट कानाला लावला आणि "हॅलो" म्हणाल्या. घरात सगळे आधी हसले, मग गप्प झाले. वयामुळे विसरायला लागल्या असं ठरलं. भाचीने हट्ट धरून रक्त तपासायला लावलं, सोडियम १२१ निघालं. गोळी बदलली, पाणी मोजून द्यायला सुरुवात केली, आणि काही दिवसांत आजी पुन्हा सगळ्यांच्या चुका काढायला लागल्या.

म्हणून वयस्कर माणसाला गोळी सुरू करताना आधी एकदा आणि मग दोनेक आठवड्यांनी सोडियम तपासणं शहाणपणाचं. कमी निघालं तर घरी चमचाभर मीठ चारू नका, मूळ तक्रार मिठाच्या कमतरतेची नसून जास्तीच्या पाण्याची असते. फार खाली गेलेलं सोडियम वर आणायचं तेही रुग्णालयात आणि सावकाश. घाईने वाढवलं तर मेंदूला इजा होते.

पांढऱ्या पेशी कमी होऊ शकतात का?

फार क्वचित, पण झालं तर गंभीर. मिआन्सेरीन या जुन्या गोळीची यासाठी विशेष ख्याती आहे, ज्येष्ठांमध्ये जास्त. ब्रिटनमध्ये ती देताना पहिले तीन महिने दर चार आठवड्यांनी सीबीसी करण्याची सूचना आहे. तिची जवळची नातलग मिर्टाझापीन. बाजारात येण्याआधीच्या चाचण्यांत २,७९६ रुग्णांपैकी दोघांच्या पांढऱ्या पेशींतल्या न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पेशी, जवळजवळ संपल्या आणि तिसऱ्याच्या खूप घटल्या. ट्रायसायक्लिक गोळ्यांनीही क्वचित असं होतं.

दर महिन्याला सीबीसी करण्यापेक्षा लक्षणं ओळखणं इथे जास्त कामाचं. गोळी सुरू होऊन काही आठवडे झालेत, आणि ताप, घसा सुजून गिळवत नाही, तोंड येऊन जखमा, असं एकत्र आलं तर "व्हायरल असेल" म्हणून तीन दिवस काढू नका. त्याच दिवशी सीबीसी करा. न्यूट्रोफिल पाचशेच्या खाली गेल्या असतील तर तातडीने दाखल व्हावं लागतं. वेळेत गोळी थांबली की बहुतेकांच्या पेशी परत भरतात.

तांबड्या पेशींवर उठलेली एक गोळी तर इतिहासजमा झाली. नोमिफेन्सीन नैराश्यावर चांगली चालायची, पण काही रुग्णांत तांबड्या पेशी फुटून रक्तक्षय होऊ लागला, आणि १९८६ साली ती बाजारातून काढून घेतली गेली. आज कोणाच्याही चिठ्ठीत ती नसते. जुन्या पुस्तकांत नाव दिसलं तर दचकू नका.

ओळखीच्या एकांना दर आठवड्याला रक्त तपासावं लागतं. मला का सांगितलं नाही?

त्यांची गोळी बहुधा क्लोझापीन असेल. ती नैराश्याची नाही, स्किझोफ्रेनियाची आहे, आणि तिच्यात पांढऱ्या पेशींचा धोका खरा असल्याने सुरुवातीला ठरावीक अंतराने तपासणी करावीच लागते. लिथियम चालू असेल तर रक्तातली त्याची पातळी, मूत्रपिंड आणि थायरॉइड बघतात. लिथियमने पांढऱ्या पेशी उलट थोड्या वाढतात, तो आकडा बघून संसर्ग शोधत बसू नका. व्हॅल्प्रोएटने प्लेटलेटची संख्या खरोखर उतरू शकते, कार्बामाझेपीनने सोडियम आणि पांढऱ्या पेशी. चिठ्ठीत एसएसआरआयच्या जोडीला यातलं काही असेल तर तपासणीचं वेळापत्रक त्या दुसऱ्या गोळीप्रमाणे ठरतं.

साखर, कोलेस्टेरॉल, लिव्हर?

मिर्टाझापीनने भूक आणि वजन वाढतं, सोबत कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइड चढू शकतात. मधुमेह असेल तर एसएसआरआय सुरू केल्यावर पहिले काही आठवडे साखर घरी जास्त वेळा मोजा, काहींची उतरते. ड्युलॉक्सेटीनने उपाशीपोटीची साखर किंचित वाढलेली दिसते. लिव्हरच्या बाबतीत सगळ्यात कडक वेळापत्रक ॲगोमेलाटीन या नैराश्याच्या गोळीचं: सुरू करण्याआधी, मग तिसऱ्या, सहाव्या, बाराव्या आणि चोविसाव्या आठवड्यात तपासणी, आणि लिव्हरची एन्झाइम वरच्या मर्यादेच्या तिपटीपलीकडे गेली तर गोळी बंद.

गोळी बंद केल्यावर रक्त पूर्ववत व्हायला किती दिवस लागतात?

प्लेटलेटचं आयुष्य आठ-दहा दिवसांचं. गोळी शरीरातून गेली की नव्याने तयार होणाऱ्या प्लेटलेट सेरोटोनिन भरून घेतात, म्हणजे बहुतेक गोळ्यांच्या बाबतीत एक-दोन आठवड्यांत काम पूर्ववत होतं. फ्लुओक्सेटीन याला अपवाद. ती आणि तिच्यापासून शरीरात बनणारा पदार्थ निघून जायला पाच आठवड्यांपर्यंत लागू शकतात. हा हिशेब डॉक्टरांनी ठरवून, मात्रा हळूहळू उतरवत बंद केलेल्या गोळीचा आहे. डाग बघून रात्रीत सोडून दिलेल्या गोळीचा हिशेब वेगळा असतो, आणि तो रक्तात दिसत नाही.

मी रक्तदान करू शकतो का?

बहुतेक ठिकाणी हो. तब्येत स्थिर असेल, मन ठिकाणावर असेल आणि हिमोग्लोबिन पुरेसं असेल तर केवळ नैराश्याची गोळी चालू आहे म्हणून सहसा नाकारत नाहीत. फॉर्ममध्ये गोळीचं नाव लिहा आणि निर्णय तिथल्या डॉक्टरांवर सोडा. दिल्यानंतर सुई टोचलेल्या जागी कापूस जरा जास्त वेळ, पाच-दहा मिनिटं, दाबून धरा. हात दुमडून बसू नका, सरळ ठेवून दाबा. नाहीतर दुसऱ्या दिवशी कोपरावर डाग दिसेल आणि तुम्ही परत दारात उभे राहून मला पहिला प्रश्न विचाराल.